जखम भरेपर्यंत

थोरली त्या वेळी घमेल्यात कपच्या भरत होती. तिची पाठ नवऱ्याकडे आणि दिराकडे होती, त्यामुळे तिला दिसलं काहीच नाही, फक्त ऐकू आलं. घण पहारीवर पडला की खणखणीत आवाज यायचा, मग नवरा पहार थोडी फिरवायचा त्याची खरखर, मग पुन्हा घण. सकाळपासून तेच चाललं होतं. मधेच एक घाव बोदा वाजला आणि त्यामागून खरखर आलीच नाही. तिनं वळून पाहिलं. नवरा बसल्या जागी दोन्ही हातांनी नडगी धरून होता आणि दीर घण हातात घेऊन उभा होता. दोघांपैकी कुणीच तोंडातून आवाज काढला नव्हता.

बोलणं तर त्यांचं बंदच होतं. सासू गेली आणि तिच्या पाठोपाठ खाणीच्या वाटणीचा विषय निघाला. खाण म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीची एक कड, सासऱ्यानं आयुष्य घालून मोकळी केलेली. डाव्या अंगाचा दगड एकजीव, घावाला सरळ फुटणारा. उजव्या अंगाचा भेगाळ. सगळं नीट जमलंय असं वाटावं आणि ऐन वेळी तो वाकडा जावा. धाकटा म्हणाला, मधोमध रेघ मारू. थोरला म्हणाला, बापानं मारली नाही, मी मारणार नाही. शब्दाला शब्द लागला, थोरल्यानं चारचौघांत भावाला आयतोबा म्हटलं, आणि त्या दिवसापासून दोघांनी तोंडं फिरवली. काम मात्र थांबलं नाही. एकानं पहार धरायची आणि दुसऱ्यानं घण मारायचा, हे एकट्यानं होणारं काम नव्हतंच. रोज सकाळी दोघं मुकाट्यानं यायचे, थोरला पहार धरून बसायचा, धाकटा घण उचलायचा.

धाकट्यानं घण बाजूला ठेवला, भावासमोर पाठ करून खाली बसला आणि म्हणाला, "पाठीवर ये."

टेकडी उतरून, ओढा ओलांडून, दवाखान्यापर्यंत त्यानं भावाला एकदाही खाली ठेवलं नाही. थोरली मागून चालत होती. नवऱ्याच्या टाचेवरून रक्त गळून धाकट्याच्या पोटरीवर येत होतं आणि तिथून खाली उतरत होतं. ती ते बघत होती. आपलं घमेलं खाणीतच राहिलं, एवढंच तिच्या मनात आलं.

दवाखाना दोन खोल्यांचा. डॉक्टर अधूनमधून फिरकायचे, एरवी सगळा कारभार सिस्टरचा. तिनं जखम धुतली, तळाशी पांढरं दिसत होतं ते हाड बोटानं दाबून पाहिलं.

"मोडलं नाही. नशीब समजा," ती म्हणाली. "पण टाके घालता येणार नाहीत. कातडी कापली नाही, चेचलीय. वरून शिवली तर आत पू कोंडून बसेल. ही तळापासून भरत वर आली पाहिजे."

"किती दिवस?" धाकट्यानं दारातून विचारलं.

"तिच्या मनाला येतील तितके." मग थोरलीकडे वळून ती म्हणाली, "रोज धुवायची, रोज नवी पट्टी. जमेल ना?"

"जमेल."

सिस्टरनं पुन्हा विचारलं नाही. सासूची पाठ थोरलीनं दोन वर्षं धुतली होती, तेही हिनंच शिकवलेलं. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या कमरेखाली मूठ जाईल एवढी जखम पडली होती. ती भरणारी नव्हती आणि सिस्टरनं तसं सांगितलंही होतं. थोरली तरी धूत राहिली. सुरुवातीला तिला रडू यायचं. पुढे नुसतं मळमळायचं. मग काहीच होईनासं झालं. सासू गेली त्या दिवशीही काही झालं नाही. शेजारणी म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. तिनं तोंड झाकून घेतलं आणि बायका गेल्यावर चादरी भिजत घातल्या.

"सुजेल, लाल होईल, हाताला गरम लागेल, ठणकेल," सिस्टर थोरल्याला बजावत होती. "त्याला भ्यायचं नाही. अंगात कामाला माणसं असतात असं समजा. कुठं फुटलं-तुटलं की सगळी तिकडे धावतात. आधी घाण उपसतात, मेलेलं उचलून टाकतात, मग नवं रचायला घेतात. एवढी गर्दी झाल्यावर सुजणारच. मात्र लाली पायावरून वर चढायला लागली, थंडी वाजून ताप आला, जांघेत अवधाणाची गाठ आली, तर घरी बसायचं नाही. सरळ मोठं हॉस्पिटल."

धाकटा अजून दारातच होता. "दादाची जखम भरेपर्यंत मी खाणीत रेघ मारणार नाही," तो म्हणाला. कुणाकडे बघून म्हणाला ते कळलं नाही. बहुतेक भिंतीकडे.

मग पाय सुजला. नडगी पोटरीएवढी झाली, कातडी ताणून चकाकायला लागली. थोरली पाणी उकळायची, मीठ टाकायची, कोमट झालं की जुनी पट्टी भिजवून हलकेच सोडवायची. नवरा छताकडे बघत पडलेला असायचा. दुखतंय का असं ती विचारायची नाही आणि तोही सांगायचा नाही. धुऊन झालं की ती पट्ट्या उकळून दोरीवर वाळत घालायची. येणारे-जाणारे त्या बघून पायाची चौकशी करायचे. चौकशी करणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट असायची: मुद्दाम मारला का हो? विचारायचं मात्र कुणी नाही.

धाकटा रोज संध्याकाळी यायचा. खाणीत आता त्याची बायको पहार धरायला बसत होती. दोन्ही घरांचं काम तो एकटा ओढत होता आणि भावाच्या वाटणीचा दगड वेगळा रचून ठेवत होता. आला की उंबऱ्यावर बसायचा. आत यायचा नाही.

"आज कसंय?"

"आहे."

एवढंच व्हायचं. मग धाकटा हाताला लागलेली माती नखानं खरवडत बसायचा आणि अंधारायच्या आत उठून जायचा. एका संध्याकाळी तो म्हणाला, "टाकी बोथट झालीय."

"लोहाराकडे टाक."

"टाकली होती. त्यानं पाणी जास्त पाजलं. ठिसूळ झाली."

"तो स्वतःच ठिसूळ आहे. नुसती हाक मारली तरी तडकतो."

धाकटा नाकातल्या नाकात हसला. आत चुलीपाशी बसलेल्या थोरलीनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी धाकटा उंबरा ओलांडून आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी बसला. मग रोजच बसायला लागला. दोघं दगडाविषयी बोलायचे. कुठं भेग लागली, कुठं पाचर बसली नाही, बापानं एकदा अख्खी चौकट एका दगडातून कशी काढली होती. वाटणीचा विषय कुणी काढत नव्हतं. थोरली चहा पुढे ठेवायची आणि तो निवेपर्यंत दोघं बोलत राहायचे.

जखम भरत होती. सूज उतरली, पाणी गळायचं थांबलं. वरचा पिवळा थर पट्टीबरोबर निघून आला आणि खाली लालभडक दाणे दिसले, सोललेल्या डाळिंबासारखे. सासूच्या जखमेत असे दाणे कधी आले नव्हते. थोरली त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसली. पुढे कडांकडून जांभळट पातळ कातडी आत सरकायला लागली. रोज केसाएवढी. मधलं लाल बेट लहान होत होतं.

आणि एका सकाळी तिनं पट्टी सोडली तर बेट पुन्हा मोठं झालेलं. कड फाटली होती, दाणे चिरडून रक्त साकळलं होतं.

"झोपेत घासलं गेलं असेल," नवरा म्हणाला.

तिनं धुतलं, बांधलं. पुन्हा कातडी धरली. पुन्हा फाटली. "खाटेच्या कडेला लागलं," नवरा म्हणाला. तिसऱ्या वेळी त्यानं काही कारण दिलं नाही आणि तिनं विचारलंही नाही.

सिस्टरला दाखवलं. तिनं साखर तपासली. साखर नव्हती. "धडधाकट माणूस," ती म्हणाली, "आणि जखम अशी हट्टाला का पेटलीय कळत नाही." तिनं मलम बदलून दिलं.

त्या दिवसांत एकदा थोरली विहिरीवर निघाली होती. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की बादलीची दोरी घरीच राहिली. ती परत आली. दार लोटलेलंच होतं. नवरा खाटेवर उठून बसला होता, पाय पुढे घेऊन. पट्टी सोडून शेजारी नीट गुंडाळून ठेवली होती. त्याच्या हातात दगडाची बारीक कपची होती आणि तिच्या टोकानं तो जखमेची नवी कड उकरत होता. घाईनं नाही. दगडाची कोर काढावी तसा, जरा उकरायचं, थांबायचं, बघायचं. त्याच्या तोंडावर दुखल्याचं काही दिसत नव्हतं. कामात असताना असायचं तसंच तोंड होतं.

दोरी आतल्या खुंटीला होती. थोरली आत गेली नाही. ती तशीच विहिरीवर गेली आणि दुसऱ्या बाईची दोरी मागून घेऊन पाणी काढलं. डोक्यावर हंडा घेतला तेव्हा तिला वाटलं, आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं. तिनं थोडी वाट पाहिली. हंड्यातलं पाणी डुचमळत होतं, तेवढंच.

दुपारी धाकटी आली. थोरलीची जाऊ, वयानं बरीच लहान. पहार धरून धरून तिचे तळवे फुटले होते आणि त्यांना तिनं चिंध्या बांधल्या होत्या. परसात पट्ट्या पिळत असलेल्या थोरलीजवळ ती उकिडवी बसली.

"ताई, पाय कधी बरा होणार?"

"भरतोय."

"भरतोय भरतोय म्हणून किती दिवस गेले. यांचा खांदा वर होत नाही. जेवताना डाव्या हातानं घास घेतात. म्हटलं एखाद दिवस बसा, तर बसत नाहीत. दादाचा पाय माझ्यामुळे अडलाय म्हणतात." तिनं एक पट्टी उचलली आणि पिळायला घेतली. "लोक म्हणतात मुद्दाम मारला. तुम्हांला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही."

"असं कसं?"

"पिळू नकोस, तुझे हात चुरचुरतील," थोरली म्हणाली आणि तिच्या हातातली पट्टी काढून घेतली.

धाकटी गेली. थोरली आत आली, पाणी उकळलं, खाटेपाशी बसली. पट्टी सोडली. कड ताजी फाटलेली होती.

"कपची कुठंय?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं उशीखाली हात घातला आणि कपची काढून तिच्या हातावर ठेवली. टोकाला सुकलेलं रक्त होतं.

"भरली की तो रेघ मारेल," तो म्हणाला.

"मारू दे."

"मग इथं कशाला येईल?"

थोरलीनं फडकं पिळलं. "तुमच्या आईची पाठ मी धूत होते. ती भरायची नव्हती. मला माहीत होतं, तरी धूत होते. ही रोज भरतेय. मी रोज बघते. आणि तुम्ही रोज उकरताय."

तिनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

"त्यांचा खांदा गेलाय. माहीत आहे?"

"तो बोलला नाही."

"तुम्ही तरी काय बोललात?"

तिनं बांधून घेतलं. कपची परसात टाकून दिली. पण दगडफोड्याच्या घरात कपचीला काय तोटा. थंडी वाजली दुसऱ्याच दिवशी, भर उन्हात. थोरल्यानं दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजत होते. तिनं पाय उघडा केला. जखमेभोवतीची लाली आता जागेवर नव्हती. गुडघ्याच्या आतल्या बाजूनं एक लाल रेघ मांडीत चढली होती, बोटानं ओढल्यासारखी सरळ. तिनं जांघेत हात लावला. लिंबाएवढी गाठ लागली.

ती खाणीपर्यंत धावली नाही, भराभर चालत गेली. दीर घण उचलत होता. ती म्हणाली, "भाऊजी, अवधाण आलंय."

दगड न्यायला आलेला ट्रक उभाच होता. ड्रायव्हरला सगळे पोपट म्हणायचे, कारण त्याचं तोंड गप्प राहायचं नाही. अर्धा ट्रक भरून झाला होता. त्यानं तो तसाच वळवला. "दगड नेतो तर माणूस न्यायला काय," तो म्हणाला, "माणूस हलका, आणि उतरवायला हमाल लागत नाही." कुणी हसलं नाही. पुढचा सगळा रस्ता तो गप्प होता.

मोठ्या हॉस्पिटलात थोरल्याला सरळ आत नेलं. बऱ्याच वेळानं एक तरुण डॉक्टर बाहेर आले. कुजलेलं मांस काढून टाकलंय, सलाइनमधून औषध चालू आहे, म्हणाले. अजून उशीर झाला असता तर पाय राहिला नसता. "आता वाचेल पाय. पण मला एक सांगा, जखम जुनी आहे, माणसाला दुसरा काही आजार नाही. मग भरत का नव्हती?"

धाकट्यानं थोरलीकडे पाहिलं. थोरली जमिनीकडे बघत राहिली. डॉक्टर आत गेले.

बाहेर लांबट बाक होता. दोघं त्याच्या दोन टोकांना बसली. समोरून एक माणूस फरशी पुसत गेला. ओल्या फरशीवर कुणाची तरी पावलं उमटली आणि तो मुकाट्यानं परत येऊन ती पुसून गेला.

"भाऊजी," थोरली म्हणाली, "ते स्वतः उकरत होते."

"काय?"

"जखम. कपचीनं. भरत आली की उकरायचे. भरली तर तुम्ही रेघ माराल म्हणून. तुमचं येणं बंद होईल म्हणून."

धाकट्यानं दोन्ही तळहात मांड्यांवर पालथे ठेवले.

"मला वाटलं माझ्या घावामुळेच भरत नाही," तो म्हणाला. "त्या घावात काहीतरी होतं, म्हणून."

फरशी पुसणारा पुन्हा समोरून गेला.

"वहिनी, तुम्ही मला कधी विचारलं नाहीत."

"काय?"

"मुद्दाम मारला का ते."

"नाही विचारलं."

"मला सांगता यायचं नाही. घण वर होता तेव्हा मी रागात होतो. दादानं मान खाली घातली होती, मला त्याचं टाळकं दिसत होतं. आयतोबा म्हणाला होता तेच डोक्यात होतं. घण खाली आला तेव्हा राग होता की नव्हता, हात सटकला की मीच सोडला, मला खरंच माहीत नाही. रोज आठवून बघतो. तेवढंच आठवत नाही."

आतून कुणीतरी खोकलं. थोरली उठली, कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी आणलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्यानं उजवा हात पुढे केला, तो खांद्यातून वर येईना, मग डाव्या हातानं घेतला.

तीन दिवस धाकट्याला आत सोडलं नाही. सोडलं तेव्हा तो भावाच्या खाटेपाशी उभा राहिला. थोरल्याच्या पायाला गुडघ्यापासून खाली जाड पट्टी होती, वरून प्लास्टरची पन्हाळ. बोट शिरायलाही जागा नव्हती.

"वहिनींनी सांगितलं," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं तोंड भिंतीकडे केलं.

"दादा, रेघ मारली तरी मी येईन."

"येशील सुरुवातीला," थोरला भिंतीकडे बघत म्हणाला.

धाकटा त्यावर काही बोलला नाही. खोटं बोलायची सवय दोघांनाही नव्हती.

पाय भरला. कुणी उकरलं नाही तेव्हा त्याला फार काळ लागला नाही. दाणे आले, कडा सरकल्या, बेट आटत आटत डाळीएवढं झालं आणि एक दिवस तेही मिटलं. नवी कातडी गुळगुळीत, जांभळी, केस नसलेली, आजूबाजूच्या पायाची नसल्यासारखी. थोरलीनं शेवटची पट्टी काढली त्या दिवशी तिच्यावर बोट टेकवलं.

"कळतं?"

"नाही," नवरा म्हणाला. "दाबलं की आत कुठंतरी कळतं. वर काही नाही."

थोडा लंगडत तो खाणीत गेला. दोघी जावाही होत्या. धाकट्यानं चुना कालवून आणला होता. थोरल्यानं ते भांडं त्याच्या हातातून घेतलं आणि रेघ स्वतःच मारायला लागला. आजारानं हात हलका झाला होता, रेघ अर्ध्यावरून कलली.

"वाकडी झाली," धाकटा म्हणाला.

"राहू दे वाकडी."

भेगाळ बाजू धाकट्यानं घेतली. थोरला नको म्हणाला. धाकटा म्हणाला, "तुझ्यानं आता वाकडा दगड सावरायचा नाही. पाय आधी सावर." थोरल्यानं भांडं खाली ठेवलं. एवढ्यावर वाटणी झाली.

सुरुवातीला धाकटा संध्याकाळी येत राहिला. मग एक दिवसाआड. मग काही निमित्त असलं की. थोरली उगाच चहा जास्त ठेवायची आणि नंतर दोघं नवरा-बायको तो वाटून प्यायची. भांडण नव्हतं. बाजारात भेटले की दोघं भाऊ उभे राहून बोलायचे. दोरीवर वाळत घालायला आता पट्ट्या नव्हत्या.

थोरल्याच्या पायाला खाली बसणं जमत नव्हतं, गुडघा वळत नव्हता. उभं राहून घण मारता येत होता. तेव्हा पहार धरायला थोरली बसली. एवढी वर्षं तिनं कपच्या भरल्या होत्या, पहार कधी धरली नव्हती. दगड गार होता. तिनं पाय पसरून पहार दोन्ही हातांत धरली, टोक खुणेवर टेकवलं. रेघेपलीकडे धाकट्याचा घण चालू होता, त्याची बायको पहार फिरवत होती. खणखण, मग खरखर.

नवऱ्यानं घण वर उचलला. थोरलीनं मान वर केली. उन्हात त्याचं तोंड काळं दिसत होतं, डोळे दिसत नव्हते.

पलीकडचा आवाज थांबला.

"वहिनी," धाकटा रेघेपलीकडून म्हणाला, "अंगठा आत घ्या."

तिनं खाली पाहिलं. उजव्या हाताचा अंगठा पहारीवर उभा राहिला होता, घणाच्या वाटेत. तिनं तो बोटांत मिटला. नवरा तोवर घण वर धरून थांबला होता, त्याचे दंड कापत होते. अंगठा आत गेलेला त्यानं पाहिला आणि मग घाव घातला.

धक्का पहारीतून तिच्या हातात शिरला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या, खांद्यापर्यंत आल्या, दातांत आल्या. तिचे डोळे भरून आले. तिनं पहार थोडी फिरवली आणि पुन्हा घट्ट धरली.